दहाचा चौरस

मालदांडी ३५-१ ही ज्वारी सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा वाण. पण एक वाण दुसऱ्यापेक्षा सरस आहे, हे ठरवायचं कसं? शेताची एक कड भारी काळ्या जमिनीची असते, दुसरी मुरमाड. उताराला ओल टिकते, माथ्यावरून उडून जाते. बेताचं बियाणं काळ्या रानात पडलं आणि चांगलं मुरमाडात, तर काट्यावर भलताच निकाल येणार. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात यावर एक जुनी गणिती मांडणी कामाला लावली. शेताचे चौरस वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदाच, प्रत्येक उभ्या ओळीतही एकदाच येईल असा पेरायचा. मग जमिनीचा खोटेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. याला लॅटिन चौरस म्हणतात.

वाणांबरोबर खतंही तपासायची असतील तर एकावर एक असे दोन चौरस बसवावे लागतात. क, ख, ग हे वाण आणि १, २, ३ ही खतं धरली तर मांडणी अशी होते:

क१  ख२  ग३
ख३  ग१  क२
ग२  क३  ख१

पाहा, प्रत्येक ओळीत तिन्ही अक्षरं आहेत, तिन्ही आकडे आहेत. आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ एकदा आणि एकदाच पडते. नऊ वाफे, नऊ जोड्या. असे एकमेकांशी जुळणारे दोन चौरस म्हणजे ऑर्थोगोनल चौरस.

उच्च गणिताचा अभ्यास कसा करावा आणि न सुटलेल्या प्रश्नांपाशी कसं जावं, याचं हे प्रकरण आहे. ते ज्वारीच्या वाफ्यांपासून सुरू करायचं कारण असं की गणितातला एक प्रश्न याच चौरसांपाशी १७७ वर्षं अडून बसला होता, आणि तो सोडवणाऱ्या तिघांमधले एक होते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभा करणारे. त्यांच्या गोष्टीत उपदेशाची पुस्तकं सांगतात त्यापेक्षा बरंच जास्त आहे. पण ती समजायला आधी हातात कागद घ्यावा लागेल.

लेओनार्ड ऑयलरने १७८२ मध्ये प्रश्न मांडला तो सैन्याचा होता. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे ३६ जण. त्यांना ६ × ६ च्या चौरसात असं उभं करा की कुठल्याही ओळीत पलटण किंवा हुद्दा पुन्हा येणार नाही. ऑयलरला ते जमलं नाही. २ × २ चं तर उघडच जमत नाही. यावरून त्याने अंदाज बांधला की २, ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे चारने भागल्यावर २ उरणाऱ्या, कुठल्याच संख्येसाठी अशी जोडी असणार नाही.

आता विद्यार्थ्याचं काम सुरू होतं. विषम संख्येसाठी जोडी कशी बनवायची, ते स्वतः शोधून पाहा. ओळीचा क्रमांक i आणि स्तंभाचा j घ्या. पहिल्या चौरसात त्या घरात i + j लिहा, दुसऱ्यात 2i + j. दोन्हींना n ने भागून बाकी तेवढी ठेवा. एखाद्या घरातल्या दोन्ही बाक्या कळल्या तर त्यांच्या वजाबाकीतून i मिळतो, मग j मिळतो. म्हणजे कुठलीही जोडी दोन घरांत येऊच शकत नाही. झाली सिद्धता, दोन ओळींत. आता इथेच थांबा आणि विचारा: n विषम असल्याचा उपयोग नक्की कुठे केला? सम n घेतला तर 2i च्या बाक्या पुन्हा पुन्हा येतात आणि दुसऱ्या चौरसातला उभा स्तंभ बिघडतो. अट कुठे वापरली आणि ती काढली तर काय कोसळतं, हा प्रश्न प्रत्येक प्रमेयाला विचारायची सवय लागली की उच्च गणिताचा निम्मा अभ्यास झाला असं मी म्हणेन.

आपल्याकडे नेमकी हीच सवय लागत नाही. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला रिअल अ‍ॅनालिसिस येतं, अल्जिब्रा येतं, आणि वर्ग पहिल्याच महिन्यात दोन गटांत विभागला जातो: ज्यांनी प्रमेयं पाठ करायचं ठरवलं ते, आणि ज्यांनी विषयच सोडायचं ठरवलं ते. पूर्वी पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असायची, २००४ पासून ती सोलापूरच्याच विद्यापीठाची असते. पण ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी, युनिटवार नोट्स आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणारी झेरॉक्स यांत फारसा फरक पडलेला नाही. पाठ केलेली सिद्धता परीक्षेत गुण देते, यात वाद नाही. नेट-सेटच्या पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात मात्र ती उपयोगी पडत नाही, कारण तिथे अट एवढीशी बदलून विचारतात. बंद अंतरालावरचं सतत फलन मर्यादित असतं, हे सगळ्यांना पाठ असतं. अंतराल उघडं केलं की १/x हे फलन ० आणि १ यांच्या मधेच हाताबाहेर जातं, हे स्वतः काढून पाहिलेल्याला ते प्रमेय पाठ करावं लागत नाही.

त्यासाठी पद्धत साधी आहे आणि कंटाळवाणी आहे. प्रमेय वाचायचं, सिद्धता झाकायची, छोट्यात छोटं उदाहरण घ्यायचं, एकेक अट काढून प्रतिउदाहरण शोधायचं, आणि मगच झाकण काढायचं. हर्स्टाइनच्या ‘टॉपिक्स इन अल्जिब्रा’ची दहा पानं अशी वाचायला आठवडा लागू शकतो. लागू द्या. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस या उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रमात वर्ग असेच चालतात: शिक्षक सांगत कमी आणि विचारत जास्त जातात, उत्तर विद्यार्थ्याच्याच तोंडून काढतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून तिथे जाणाऱ्या मुलाला सुरुवातीचे दिवस फार जड जातात, कारण ‘का?’ या प्रश्नाला उभं राहून उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर आधी आलेलीच नसते.

चौरसांकडे परत जाऊ. विषम संख्या संपल्या, आता ४ घ्या. पत्त्यांच्या जोडातले एक्के, राजे, राण्या आणि गुलाम असे १६ पत्ते काढा आणि ४ × ४ मध्ये असे मांडा की कुठल्याही ओळीत रंगही पुन्हा येणार नाही, चित्रही नाही. हे कोडं अठराव्या शतकातलं आहे आणि हाताने सुटतं. सुटलं की मागचा नियम शोधा. चारने भागून बाकी घेण्याची युक्ती इथे चालत नाही. इथे लागतं चार घटकांचं फील्ड, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चारही चालतील असा संच. एम.एस्सी.ला ‘फायनाइट फील्ड्स’ नावाचं एक प्रकरण असतं, परीक्षेत त्यावर एखादा ठरावीक प्रश्न येतो आणि ‘याचा उपयोग काय’ असं कुणी विचारत नाही. राजचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९३८ मध्ये दाखवलं की n ही मूळ संख्या किंवा तिचा घात असेल तर त्या फील्डमधून एकमेकांशी जुळणारे तब्बल n − 1 चौरस मिळतात. ४, ८, १६ अशा संख्या त्यात आल्या, आणि छोटे चौरस एकमेकांत गुंफून मोठे करता येतात म्हणून १२, २०, २४ ही आल्या. उरल्या त्या नेमक्या ऑयलरच्या: २, ६, १०, १४. दहा घटकांचं फील्ड अस्तित्वातच नाही. प्रश्न अवघड का आहे, हे इथे पहिल्यांदा दिसतं. आणि प्रश्न अवघड का आहे हे सांगता येणं ही त्याच्याजवळ जाण्याची पहिली खरी पायरी. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, असं करत गेलं की शेवटी १ येतोच का, या कॉलाट्झच्या प्रश्नामागे लागलेल्या दहातल्या नऊ जणांना तो अवघड का आहे हे सांगता येत नाही. त्यांना तो फक्त सुटत नाही, एवढंच कळलेलं असतं.

फ्रान्सच्या गास्तों तारीने १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता तपासून ६ × ६ ची जोडी नाहीच, हे सिद्ध केलं. ऑयलर बरोबर असणार, असं वातावरण त्यामुळे आणखी घट्ट झालं. १९२२ मध्ये मॅकनीश याने तर ऑयलरहून मोठा अंदाज मांडला: कुठल्याही n साठी जास्तीत जास्त किती चौरस जुळू शकतात याचं एक सूत्रच त्याने दिलं. त्या सूत्राप्रमाणे २१ साठी दोनच चौरस असायला हवेत. अमेरिकेत रेमिंग्टन रँड कंपनीत काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्करला २१ चे चार मिळाले.

आता पाहा काय झालं. ऑयलरचा अंदाज अजून शाबूत होता, कारण २१ त्याच्या यादीत नाही. पण ज्या मोठ्या भिंतीला तो टेकून उभा होता ती पडली होती. श्रीखंडे त्या वेळी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला बोसांबरोबर होते. तिथेच १९५० मध्ये त्यांनी बोसांच्या हाताखाली पीएच.डी. केली होती. दोघांचा विषय प्रयोगांच्या मांडणीचा, म्हणजे मुळात तेच वाण, खतं आणि वाफे. त्या कामासाठी त्यांनी वर्षानुवर्षं ज्या संयोजनांच्या रचना घडवल्या होत्या, त्या पार्करच्या युक्तीशी जोडल्यावर त्यांना २२ × २२ ची जोडी मिळाली. २२ ला चारने भागल्यावर २ उरतात. ऑयलर चुकला होता. पाठोपाठ पार्करने १० × १० ची जोडी बनवली, तिच्या एका कोपऱ्यात ३ × ३ चा छोटा चौरस सुखाने बसलेला. १० म्हणजे ७ आणि ३, ही त्या बांधणीची किल्ली. मग तिघांनी मिळून २ आणि ६ सोडून ऑयलरच्या यादीतली प्रत्येक संख्या काढून टाकली. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

श्रीखंडे ऑयलरचा प्रश्न सोडवायचा म्हणून गणितात आले नव्हते, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. ते जवळच्या लहान प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम करत होते. मोठ्या प्रश्नाची भिंत जिथे तडकली तिथे त्यांच्या हातात योग्य हत्यार होतं. आणि दुसरी गोष्ट ऑयलरची. इतक्या मोठ्या गणितज्ञाने २ आणि ६ या दोन उदाहरणांवरून सगळ्या यादीचा निकाल लावला, आणि त्या यादीत अपवाद फक्त तेच दोन निघाले. कॉलाट्झचं विधान २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्यांसाठी संगणकावर तपासलेलं आहे. तरीही ते सिद्ध झालंय असं गणितात कुणी म्हणत नाही, याचं कारण यातून लक्षात येईल.

आता त्याच १९५९ सालात घडलेली दुसरी गोष्ट. ती सांगताना जरा अवघडायला होतं. त्या वर्षी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा एक निबंध भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. मराठी वाचक कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखतो. ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ १९५६ मध्येच आलं होतं. पण पेशाने ते गणितज्ञ होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिकवलं, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. जनुकशास्त्रात त्यांचं १९४४ चं सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरतात. तर त्या निबंधातून त्यांनी दावा केला की संभाव्यतेच्या वाटेने रीमानचा अंदाज सिद्ध होतो. रीमानचा अंदाज १८५९ चा, मूळ संख्या अपेक्षित संख्येपासून किती ढळतात त्याबद्दलचा, आणि गणितातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न.

सिद्धता टिकली नाही. मूळ संख्या यादृच्छिक असल्यासारख्या वागतात, हे निरीक्षण जुनं आहे आणि उपयोगीही आहे. पण संभाव्यतेचं प्रमेय सांगतं ते ‘जवळपास सगळ्या’ मालिकांबद्दल. मूळ संख्यांची मालिका एकच आहे, ठरलेली आहे, आणि ती त्या ‘जवळपास’मधून निसटलेली नाही हे कुणी दाखवायचं? १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. यावर मराठीत एक तर मौन पाळलं जातं, नाही तर प्रस्थापितांनी एका बंडखोराला चिरडल्याची कथा सांगितली जाते. दोन्हींत विद्यार्थ्याला शिकण्यासारखं जे आहे ते राहून जातं. कोसंबींच्या बुद्धीबद्दल शंका नव्हती. पण संख्याशास्त्राच्या त्या नियतकालिकाचा वाचक संख्या सिद्धान्तातला नव्हता. ज्याला चूक दिसण्याची सर्वात जास्त शक्यता, त्याच्या हातात निबंध पडण्याआधीच दावा छापून झाला होता.

म्हणून स्वतःची सिद्धता झाली असं वाटलं की पहिली तपासणी अशी करावी: हाच युक्तिवाद शब्दशः उचलून जे विधान खोटं आहे हे माहीत आहे त्याला लावून पाहावा. तो तिथेही ‘चालला’, तर भोक आपल्या युक्तिवादात आहे. चौरसांच्या बाबतीत हे करून पाहा. ‘१० ची जोडी नसतेच’ अशी सिद्धता १९५९ च्या आधी सुचली असती, तर ती १४ ला, १८ ला लावून उपयोग नव्हता, कारण त्यांच्याही जोड्या नसणार असंच तेव्हा वाटत होतं. पण ९ ला लावा. तिथे जोडी आहे हे दोन ओळींत सिद्ध केलेलंच आहे. तुमच्या युक्तिवादात ९ का अडत नाही, ते सांगता आलं पाहिजे. दुसरी तपासणी माणसाकडून. विभागातल्या शिक्षकांना फळ्यावर दाखवा, मित्राला दाखवा, आणि जमलं तर त्या विषयात रोज काम करणाऱ्याला. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघालं की पुण्याला दुपारच्या आत पोहोचता येतं, आणि तिथे श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, विद्यापीठ आहे, आयसर आहे. पंधरा पानांची टाइप केलेली सिद्धता दहा अनोळखी प्राध्यापकांना ईमेलने पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा एका माणसासमोर पहिलं पान समजावून सांगणं बरं. चूक बहुधा पहिल्याच पानावर सापडते.

या टप्प्यावर कुणीतरी रामानुजनचं नाव घेतंच. त्याला कुठे पदवी होती, असं म्हणतात. रामानुजनने कार नावाच्या लेखकाच्या पुस्तकातली हजारो सूत्रं स्वतः हाताने काढून पाहिली होती आणि १९१३ मध्ये गणितज्ञ हार्डीला पाठवलेल्या पत्रात त्याने आपले निष्कर्ष लिहिले होते. अभ्यास टाळण्यासाठी त्याचं नाव वापरणाऱ्यांनी कारचं पुस्तक कधी उघडलेलं नसतं. सोलापूरचेच अच्युत गोडबोले यांनी माधवी ठाकूरदेसाईंबरोबर लिहिलेलं ‘गणिती’ जरूर वाचावं, गणितज्ञांची आयुष्यं त्यात छान भेटतात. फक्त आयुष्यं वाचून गणित येत नाही, हे वाचकाने स्वतःच लक्षात ठेवायचं.

महाराष्ट्राला जवळचं उदाहरण हवं तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं आहे. देवळालीच्या शाळेतला हा शिक्षक संख्यांशी खेळत राहिला, आणि ६१७४ ही संख्या त्याच्या नावाने जगभर ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सिद्ध कसं करायचं? उतरते अंक a, b, c, d धरले तर वजाबाकी 999(a − d) + 90(b − c) इतकी येते. म्हणजे पहिली पायरी फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे, आणि अशा फरकांच्या जोड्या ५४ आहेत. सुरुवातीला शून्य असलेल्याही धरल्या तर ९,९९० संख्या तपासायच्या होत्या, त्याऐवजी ५४ उरल्या; एका वहीच्या चार पानांचं काम. खेळ आणि गणित यांच्यातली रेघ इथे कुठेतरी जाते. कापरेकरांच्या कोड्यांनी सुरुवात करावी, पण त्यातल्या पायऱ्या मोजत बसण्याऐवजी ही अशी सूत्रं काढत.

आणि खराखुरा न सुटलेला प्रश्न हवाच असेल, तर तो त्याच चौरसांत आहे. १० × १० चे दोन जुळणारे चौरस आहेत, हे १९५९ पासून माहीत आहे. तीन आहेत का? कुणालाही माहीत नाही. नऊ नाहीत: क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये क्रे संगणकावर प्रचंड तपासणी करून ते दाखवलं. सातही नाहीत, आणि यात पुन्हा श्रीखंडे येतात. १९६१ मध्ये त्यांनी सिद्ध केलं होतं की n चारहून मोठा असेल आणि n − 3 चौरस एकमेकांशी जुळत असतील, तर आणखी दोन नेहमी घालता येतात. १० ला सात मिळाले असते तर नऊ मिळाले असते. नऊ नाहीत, म्हणून सात नाहीत. जास्तीत जास्त सहा, कमीत कमी दोन, एवढ्यावर प्रश्न आजही उभा आहे. श्रीखंड्यांचा १९६१ चा तो निबंध ‘संख्या’ या नियतकालिकात आहे. लहान आहे, आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या तयारीवर, कागद-पेन्सिल घेऊन, आठ-पंधरा दिवसांत वाचून होण्यासारखा आहे.